ज्यांची बायोप्सी झालीच नाही

चि. सोनूस,


थिसिसला ‘पॅप स्मिअर आणि हिस्टोपॅथॉलॉजी यांचा ताळमेळ’ हा विषय मिळाला, पण तो तर दरवर्षी कुणी ना कुणी घेतंच, असं तू हिरमुसून लिहिलंस. विषय जुना आहे, खरं. पण गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने आपल्याकडे बायका अजून दगावतात, आणि त्याची चाहूल कित्येक वर्षं आधी तिथल्या पेशींत दिसू शकते. ती टिपणारी तपासणी किती खरं बोलते, हा प्रश्न शिळा कसा होईल?

सिनॉप्सिस लिहिण्याआधी एक गोष्ट मात्र पक्की समजून घे. तुझ्या तक्त्यात बायोप्सी झालेल्या बायकाच येणार आहेत. आणि बायोप्सी कुणाची होते? जिचा स्मिअर बिघडलेला आला तिची, किंवा मधेच रक्त जातं, अंगावरून पांढरं जातं अशी तक्रार घेऊन आली तिची. स्मिअर निगेटिव्ह आणि तक्रार काही नाही, ती बाई रिपोर्ट पिशवीत घालून घरी जाते. तिला रोग असला तरी तुझ्या तक्त्याला त्याचा पत्ता लागत नाही.

कागद घेऊन बस. समज, १,००० बायका तपासल्या आणि त्यांतल्या २० जणींना कर्करोगपूर्व बदल आहेत. स्मिअरने ११ पकडल्या, ९ सुटल्या. उरलेल्या ९८० पैकी ३९ जणींचा स्मिअर विनाकारण पॉझिटिव्ह आला. म्हणजे खरी सेन्सिटिव्हिटी ५५ टक्के, स्पेसिफिसिटी ९६. आता पॉझिटिव्ह आलेल्या सगळ्या ५० जणींची बायोप्सी झाली. निगेटिव्ह आलेल्या ९५० पैकी मात्र दुसऱ्या तक्रारींपायी फक्त ५० जणींची, आणि त्यांत एकीला रोग निघाला. तुझा तक्ता म्हणणार, १२ पैकी ११ सापडल्या, सेन्सिटिव्हिटी ९२ टक्के! आणि स्पेसिफिसिटी घसरून ५६. स्मिअर तेच, वाचणारे डोळेही तेच. आठ आजारी बायका तक्त्याबाहेर राहिल्या, म्हणून आकडा फुगला.

नुसत्या ‘ॲक्युरसी’वर तर मुळीच विसंबू नकोस. याच हजार जणींना स्लाइड न बघता ‘नॉर्मल’ लिहून दिलं, तरी ॲक्युरसी ९८ टक्के भरते. २००० साली अशा अभ्यासांचा एक मोठा आढावा निघाला होता. त्यांतले सगळ्यांत कमी पक्षपाती असे बारा अभ्यास निवडले, तरीही स्मिअरची सेन्सिटिव्हिटी ३० पासून ८७ टक्क्यांपर्यंत कुठेही सापडली. तुझा आकडा ९० च्या वर गेला तर खूश होण्याआधी निगेटिव्ह बायकांपैकी कितींची बायोप्सी झाली ते मोज, आणि ती संख्या निष्कर्षातच लिही. मर्यादांच्या परिच्छेदात तळाशी दडवू नकोस.

दुसरं असं, की स्मिअर आणि बायोप्सी जुळली नाही की आपण लगेच स्मिअरला दोष देतो. बायोप्सी म्हणजे गोल्ड स्टँडर्ड, असं पाठ केलेलं असतं ना! पण पंच बायोप्सीचा तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा. तो बदल असलेल्या जागेच्या शेजारून निघाला असेल, बदल वर कॅनॉलमध्ये असेल, ब्लॉकमध्ये तुकडा तिरका बसला असेल. स्मिअर ‘हाय ग्रेड’ आणि बायोप्सीत नुसता सर्व्हिसायटिस असेल, तर आधी ब्लॉकचे आणखी खोलवरचे सेक्शन काढून घे, मग दोन्ही स्लाइड्स शेजारी ठेवून सरांबरोबर पाहा. मधे किती महिने गेले तेही नोंदव. सौम्य बदल पुष्कळदा आपोआप मावळतात. आणि ‘सीआयएन २’ म्हणावं की नाही यावर तर दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्टांचंही एकमत होत नाही. तिथे पी-१६ स्टेन मिळाला तर अवश्य करून घे.

स्मिअर चुकतो तो बहुतेक वेळा मायक्रोस्कोपखाली येण्याआधीच. ओपीडीत एक दिवस जाऊन उभी राहा. गर्दीत स्लाइडवर स्मिअर पसरला जातो आणि अल्कोहोलच्या बरणीत पडेपर्यंत ट्रेमध्ये वाळतो. मग न्यूक्लियस फुगतात, फिके पडतात, क्रोमॅटिनचा पोत पुसला जातो, आणि तू मात्र संध्याकाळी त्या स्लाइडवर डोळे फोडत बसतेस. रक्ताने, पसपेशींनी झाकलेली स्लाइड असेल तर ‘निगेटिव्ह’ लिहू नकोस, ‘अपुरा नमुना’ लिही. सिस्टरशी आणि रेसिडेंटशी गोडीने बोल. तुझ्या थिसिसमधला अर्धा भाग त्यांच्या हातात आहे.

हे मी इतकं कळकळीने का लिहितेय, तेही सांगते. ब्रिटनमध्ये १९८८ पासून बायकांना ठरावीक वर्षांनी पुन्हा बोलावणं जातं. एका स्मिअरमध्ये सुटलेली पुढच्या फेरीत सापडू शकते. आपल्याकडे पुष्कळ बायका आयुष्यात एकदाच तपासायला येतात, मग सुटली ती सुटलीच. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीच्या नर्गिस दत्त हॉस्पिटलने आणि टाटा मेमोरियलने केलेला अभ्यास २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आला, तो मुळातून वाच. ३० ते ५९ वयाच्या १,३१,००० हून अधिक बायका त्यात होत्या. काही गावांत एकदाच एचपीव्ही चाचणी, काहींत एकदाच स्मिअर, काहींत ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, तर काहींत फक्त नेहमीची देखभाल. एचपीव्हीच्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. स्मिअरच्या गटात लक्षणीय घट दिसली नाही.

म्हणून शक्य असेल तर गाइडना विचार, स्मिअर निगेटिव्ह आलेल्या थोड्या बायकांचीही चिठ्ठ्या टाकून निवड करून, त्यांच्या संमतीने कॉल्पोस्कोपी करता येईल का. एथिक्स कमिटी प्रश्न विचारेल, वेळही जाईल. नाहीच जमलं, तर निदान त्यांना वर्षभराने परत बोलवायची सोय प्रोटोकॉलमध्ये घाल, आणि फोन नंबर आजपासूनच नोंदवायला लाग. सिनॉप्सिसचा कच्चा मसुदा कमिटीकडे देण्याआधी मला पाठव. दोन दिवसांत वाचून परत करते.

तुझी,
मावशी