हुशारी मोठी की करुणा?

(कुटुंबात एकत्र बसून वाचण्यासाठी)



धम्मदीक्षा घेतलेल्या अनेक घरांत एक प्रसंग घडतो. शिकलेला मुलगा धम्मशिबिराहून परत येतो. बावीस प्रतिज्ञा त्याला तोंडपाठ झालेल्या असतात. घराच्या कोपऱ्यात आजीचा लहानसा देव्हारा अजून असतो. त्यात दोन टाक, हळदीकुंकवाचा करंडा आणि अर्धी जळलेली उदबत्ती. मुलगा सर्वांसमक्ष आजीला विचारतो, "तुझे देव इतकी वर्षे घरात होते, मग त्यांनी आपल्याला गावकुसाबाहेर का ठेवले? तुला देवळाची पायरी का चढू दिली नाही?" आजीजवळ उत्तर नसते. धाकटी भावंडे हसतात. आजी पदर डोळ्यांना लावते आणि गप्प बसते. वाद मुलगा जिंकतो. पण पुढच्या पौर्णिमेला सारे घर विहारात जाते, तेव्हा आजी एकटीच मागे राहते.

मुलाचे चुकले काय? त्याचा एकही शब्द खोटा नव्हता. तरीही त्याच्या बोलण्याने आजी धम्माच्या जवळ आली नाही, दूर गेली. म्हणून हा प्रश्न आपण नीट तपासला पाहिजे : माणसांशी वागताना हुशारी मोठी की करुणा?

आपली शंका रास्त आहे

करुणेचे नाव काढताच आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि त्याला कारण आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला नम्र राहा, सोसा, असेच शिकवले गेले. आपल्या आजोबा-पणजोबांना अक्षरओळख नव्हती, म्हणून सावकाराने नको त्या कागदावर त्यांचे अंगठे घेतले. हुशारी नसली तर जग फसवते, हा धडा आपण पुस्तकातून नव्हे, अनुभवातून शिकलो आहोत. आणि 'दया' तर आपण चांगलीच ओळखतो. पाणवठ्यावर हात लावायचा नाही, ओंजळ पुढे करायची आणि कोणी तरी वरून पाणी ओतायचे, तीही दयाच म्हणवली जात होती!

तेव्हा एक गोष्ट पक्की लक्षात ठेवू. वरून खाली टाकलेली दया ही करुणा नव्हे. अन्याय मुकाट्याने सोसणे हीही करुणा नव्हे. करुणा म्हणजे दुसऱ्याचे दुःख आपल्या बरोबरीच्या माणसाचे दुःख म्हणून ओळखणे आणि ते दूर करण्यासाठी हात पुढे करणे. जिथे समता नाही तिथे करुणा टिकत नाही.

परमपूज्य बाबासाहेबांनी लावलेला क्रम

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ मूळ इंग्रजीत 1957 साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. त्यात सद्धम्म कशाला म्हणावे हे सांगताना बाबासाहेब पायरीपायरीने पुढे जातात. विद्या सर्वांना खुली असली पाहिजे. पण नुसती विद्वत्ता पुरेशी नाही, तिला प्रज्ञेची, म्हणजे शुद्ध विचाराची जोड हवी. प्रज्ञाही एकटी पुरेशी नाही, तिला शील हवे. प्रज्ञा आणि शील यांच्याबरोबर करुणा हवी. आणि करुणेच्याही पुढे मैत्री हवी. करुणा माणसांपुरती थांबू शकते. मैत्री सर्व प्राणिमात्रांपर्यंत पोहोचते.

याच विवेचनात बाबासाहेबांनी तलवारीचा दाखला दिला आहे. शीलवान माणसाच्या हातातील तलवार संकटात सापडलेल्याला वाचवू शकते. तीच शीलहीन माणसाच्या हाती गेली तर खून करू शकते. आपल्या घरातील तरुणाच्या हाती धम्माने तर्काची तलवार दिली. ती त्याने प्रथम कोणावर चालवली? ज्या म्हातारीने मोलमजुरी करून त्याच्या शाळेची फी भरली, तिच्यावरच!

म्हणजे प्रज्ञा आणि करुणा या एकमेकींच्या सवती नाहीत. अठराव्या प्रतिज्ञेत प्रज्ञा, शील आणि करुणा यांची सांगड घालून जगण्याचे वचन आपण दिले आहे. करुणेचा विरोध प्रज्ञेशी नाही. तो नुसत्या चतुराईशी आहे, समोरच्याला हरवण्यासाठी वापरलेल्या बुद्धीशी आहे.

अभय राजपुत्राचा प्रश्न

मज्झिम निकायात अभयराजकुमार सुत्त आहे. भगवान बुद्ध राजगृहाच्या वेळुवनात राहत असताना अभय राजपुत्र त्यांच्याकडे आला. निगंठ नातपुत्त यांनी त्याला एक दुधारी प्रश्न शिकवून पाठवले होते, असे सुत्तात सांगितले आहे. प्रश्न असा : तथागत दुसऱ्याला न आवडणारे वचन बोलतात काय? 'होय' म्हणाले, तर सामान्य माणसात आणि त्यांच्यात फरक काय? 'नाही' म्हणाले, तर देवदत्ताला संताप येईल असे ते कसे बोलले? दोन टोकांचा काटा घशात अडकावा, गिळताही येऊ नये आणि ओकताही येऊ नये, अशी ही योजना होती.

भगवंतांनी डावाला डावाने उत्तर दिले नाही. या प्रश्नाचे उत्तर एकाच बाजूने देता येणार नाही, एवढेच ते म्हणाले. त्या वेळी अभयाच्या मांडीवर एक तान्हे मूल होते. भगवंतांनी विचारले, या मुलाने काटकी किंवा खडा तोंडात घातला तर तू काय करशील? अभय म्हणाला, मी तो काढीन. सहज निघाला नाही तर डाव्या हाताने त्याचे डोके धरीन, उजव्या हाताचे बोट वाकवून खडा बाहेर काढीन, मग रक्त आले तरी चालेल. कारण मला त्या मुलाची करुणा आहे.

मग भगवंतांनी आपल्या वाणीचा नियम सांगितला. जे खोटे आहे ते तथागत बोलत नाहीत. जे खरे आहे पण हिताचे नाही, तेही बोलत नाहीत. जे खरे आणि हिताचे आहे ते बोलण्याची योग्य वेळ ते जाणतात, मग ऐकणाऱ्याला ते गोड वाटो की कडू. गोड लागते म्हणून खोटे किंवा निरुपयोगी बोलणे त्यांना मान्य नाही. काटा घेऊन आलेला अभय अखेर उपासक झाला.

या सुत्तात आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. खडा घशात राहू द्यायचा नाही. आजीचे मन दुखेल म्हणून अंधश्रद्धेपुढे मान डोलावणे ही करुणा नव्हे. पण खडा काढणारा हात अगोदर मुलाचे डोके सांभाळतो. डोके न धरता जो नुसता बोट घालतो, त्याला खडा काढायचा नसतो, आपले कौशल्य दाखवायचे असते.

नियम घरात कसा लावायचा?

त्या मुलाने काय करावे? प्रथम, त्याने स्वतः देव्हाऱ्यापुढे हात जोडू नयेत आणि 'मी जोडत नाही' हे आजीला स्पष्ट सांगावे. खोटी समजूत घालू नये. दुसरे, चारचौघांत बोलू नये. संध्याकाळी आजी एकटी बसली असता जवळ जाऊन विचारावे, "आजी, हे टाक तुला कोणी दिले?" कदाचित ती सांगेल, सासूने मरताना हातात ठेवले. कदाचित सांगेल, पहिले मूल दगावले तेव्हा नवस बोलले होते, आता देव उठवले तर नातवाला काही होईल अशी भीती वाटते. घशातला खडा तो हा! तो टाक नव्हे, ती भीती आहे. ती भीती नातवाने ऐकून घेतली, तर ती काढण्याचा मार्गही त्याला सापडेल. याला चार महिने लागतील, वर्ष लागेल. वेळ जाणणे हाही नियमाचाच भाग आहे.

हीच कसोटी अन्य ठिकाणीही लावा. शेजारची निराधार बाई अर्ज भरून घ्यायला आली. अर्ज बिनचूक भरून दिला, पण "एवढेही येत नाही का?" असे म्हटले, तर विद्या दिली आणि मान काढून घेतला. ती पुन्हा येणार नाही, दलालाकडे जाईल.

विनयपिटकाच्या महावग्गात एक आजारी भिक्खू आहे. तो अतिसाराने आपल्याच मलमूत्रात पडला होता. तो इतरांसाठी काही करीत नसे, म्हणून इतरांनीही त्याच्याकडे पाठ फिरवली होती. व्यवहाराचा हिशेब बरोबर होता! पण भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी उचलून त्याला मंचकावर ठेवले. मग त्यांनी संघाला विचारले, तुम्ही एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करील? हा प्रश्न आपल्या वस्तीलाही आहे.

रोजची साधना

अंबलट्ठिका येथे भगवंतांनी राहुलाला आरशाचा दाखला देऊन सांगितले की प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर तपासावे. आपण हा आरसा बोलण्याला लावू. बोलण्यापूर्वी तीन प्रश्न : हे खरे आहे काय? हे त्याच्या हिताचे आहे काय? ही वेळ योग्य आहे काय? पहिल्या प्रश्नाला हुशारी लागते. पुढचे दोन करुणेवाचून सुटत नाहीत.

अभ्यासासाठी प्रश्न

1. दया आणि करुणा यांतील फरक आपल्या अनुभवातून सांगा.
2. अभयाच्या प्रश्नाला भगवंतांनी 'होय' किंवा 'नाही' असे उत्तर का दिले नाही?
3. गेल्या पंधरवड्यात आपण जिंकलेला एखादा वाद आठवा. ज्याला हरवले ते माणूस आज आपल्या जवळ आहे की दूर? दूर असेल, तर पुढचा अंक हाती येण्यापूर्वी त्याच्या दारी जाऊन या.

जय भीम!