विमानाची निगा व तिचे प्रकार

आगगाडीचे इंजिन वाटेत बिघडले तर गाडी रुळावर उभी राहते; मोटार बिघडली तर ती रस्त्याच्या कडेस घेता येते. विमानास अशी कड नाही. म्हणून बिघाड झाल्यावर तो दुरुस्त करणे हा विमानाच्या बाबतीत कामाचा लहानसा भाग असून, बिघाड होण्यापूर्वीच तो हेरणे हेच मुख्य काम होय.

दिल्लीच्या पालम विभागातील इंदिरा गांधी विमानतळावर एखादे विमान येऊन थांबते. उतारू सामान काढण्याच्या गडबडीत असतात, तोच खाली एक अभियंता विमानाच्या नाकापासून निघून पंख, चाके व शेपूट पाहत पूर्ण प्रदक्षिणा घालतो. टायरची झीज, ब्रेकची स्थिती, तेलाची गळती, पक्षी आदळल्याची खूण, इंजिनाच्या पात्यास पडलेली खाच, या गोष्टी तो पाहतो. वैमानिकाने नोंदवहीत काही तक्रार लिहिली असल्यास तिचा निकाल येथेच लावावा लागतो. या प्रकारास ‘लाइन’ देखभाल म्हणतात. दैनिक व साप्ताहिक तपासणीही हिच्यातच मोडते. प्रत्येक दोषासाठी विमान अडवून ठेवतात असे मात्र नाही. कोणते उपकरण बंद असता उड्डाण करता येईल, किती दिवस व कोणत्या अटींवर, याची मान्य यादी असते. आसनावरील दिवा लागत नसला तर विमान जाऊ शकते. ब्रेकचा प्रश्न वेगळा.

याहून मोठी कामे हँगरमध्ये होतात. त्यांस ‘बेस’ देखभाल असे नाव आहे. काही शे उड्डाण-तासांनंतर ‘ए’ तपासणी, साधारण दीड-दोन वर्षांनी ‘सी’ तपासणी, आणि सहा ते दहा वर्षांनी ‘डी’ तपासणी असा जुना क्रम आहे. शेवटच्या तपासणीत आसने, फरशी, भिंतींचे अस्तर हे सारे काढून विमानाचा सांगाडा उघडा करतात. नव्या विमानांत ही कामे लहान गटांत विभागून केली जातात, पण मूळ कल्पना तीच. दिल्लीप्रमाणे आपल्या नागपुरासही मिहान परिसरात अशा मोठ्या देखभालीचे केंद्र आहे.

विमानाचे वय कसे मोजावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. दिल्लीहून मुंबईस जाण्यास सुमारे दोन तास लागतात, तर न्यूयॉर्कला जाण्यास सुमारे पंधरा तास. दोन्ही विमाने महिन्यात सारखेच तास उडली, तरी मुंबईचे विमान कितीतरी अधिक वेळा चढते व उतरते. अकरा हजार मीटर उंचीवर बाहेरची हवा विरळ असते, म्हणून आत हवा दाबून भरावी लागते. मोठ्या प्रवासी विमानात या दाबांतील फरकामुळे कवचाच्या दर चौरस मीटरवर सुमारे ५.५ टनांचा रेटा पडतो. प्रत्येक उड्डाणात कवच किंचित फुगते व उतरताना पूर्ववत होते. तार पुनःपुन्हा वाकविल्यास जशी तुटते, तसाच धातू या फुगण्याने थकतो. म्हणून तास व उड्डाणांची संख्या या दोहोंचा हिशेब स्वतंत्रपणे ठेवतात.

हा हिशेब का हवा, हे २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर दिसून आले. अलोहा एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान ३५,४९६ तास उडालेले होते. उड्डाणे मात्र ८९,६८० झाली होती, म्हणजे सरासरी उड्डाण अर्ध्या तासाहूनही कमी. खाऱ्या हवेने पत्र्यांच्या सांध्यांतील चिकटण सुटली होती आणि रिव्हेटांच्या छिद्रांशी बारीक तडे पडले होते. सुमारे ७,३०० मीटर उंचीवर छताचा साडेपाच मीटर लांबीचा भाग उडून गेला. एक परिचारिका बाहेर फेकली गेली. वैमानिकांनी विमान उतरविल्यामुळे बाकीचे ९४ जण वाचले. चढताना एका प्रवासी स्त्रीने दाराजवळची भेग पाहिली होती. ती कोणासही काही बोलली नाही. त्यानंतर जुन्या विमानांच्या तपासणीचे नियम जगभर कडक झाले.

अधिक देखभाल म्हणजे अधिक सुरक्षितता, असे कोणासही वाटेल. विमान कंपन्यांचाही पूर्वी तोच समज होता. ठरावीक तास भरले की भाग चांगला असला तरी उतरवून खोलत. १९६०च्या दशकात नोंदी तपासता आढळले की बहुतेक भागांस वयामुळे असा काही धोका नसतो. उलट खोलून पुन्हा जोडताना नवी चूक शिरते. म्हणून डीसी-८ विमानात ३३९ भाग ठरावीक मुदतीने खोलले जात, तर पुढील डीसी-१० विमानात केवळ ७. आता बहुतेक भागांची स्थिती पाहूनच निर्णय घेतात. बोरस्कोप नावाची बारीक दुर्बीण इंजिनात घालून आतील पाती पाहता येतात, इंजिन उतरवावे लागत नाही.

दिल्लीची हवा अभियंत्यांस दोन ऋतूंत दोन प्रकारे छळते. मे-जूनमध्ये ‘आँधी’ येते. धूळ इंजिनात जाऊन पात्यांची धार घासते, आणि तप्त भागात तिचा वितळून काचेसारखा थर बसतो. वेग मोजणाऱ्या पिटो नळीत धूळ किंवा किडा शिरू नये म्हणून उभ्या विमानाच्या नळ्यांवर टोपणे घालतात. त्यांस लाल फीत असते, ती उड्डाणापूर्वी काढावयाची. डिसेंबर-जानेवारीत धुके पडते. अशा वेळी विमान यंत्राच्या साह्याने उतरवावे लागते. उंची मोजणारे रेडिओ उपकरण सदोष असेल तर त्या विमानास दाट धुक्यात उतरण्याची परवानगी नसते व त्यास दुसरीकडे वळावे लागते.

काम संपल्यावर परवानाधारक अभियंता सही करतो आणि मगच विमान सेवेत जाते. भारतात हा परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते. त्याचे कार्यालय दिल्लीत सफदरजंग विमानतळासमोर आहे. इंजिन व सांगाड्यासाठी एक वर्ग, विद्युत व इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी दुसरा. या सहीचे वजन १० जून १९९० रोजी इंग्लंडात कळले. ब्रिटिश एअरवेजच्या एका विमानाची पुढील काच आदल्या दिवशी बदलली होती. सुट्या भागांची यादी न पाहता जुन्या बोल्टाशी नजरेने जुळवून नवे बोल्ट घेतले गेले. ९० पैकी ८४ बोल्टांचा व्यास सुमारे ०.६६ मिलिमीटरने कमी होता. ती काच बाहेरून बसविलेली असल्याने आतील दाब तिला बाहेरच ढकलीत होता. सुमारे ५,३०० मीटर उंचीवर काच निखळली आणि मुख्य वैमानिक अर्धा बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टन येथे उतरविले, आणि सर्वजण वाचले.