ओळखीच्या गावात माणसं वाचताना

२००० सालच्या उन्हाळ्यात डेन्मार्कमधल्या रोस्किल्डच्या संगीत महोत्सवात रॉनी अबर्गेल, त्याचा भाऊ आणि त्यांचे दोन सहकारी यांनी एक वाचनालय थाटलं. पुस्तकाच्या जागी जिवंत माणूस. वाचकाने यादीतून शीर्षक निवडायचं, त्या माणसासमोर बसायचं आणि ठरावीक वेळ बोलायचं. चार दिवस, रोज आठ तास, पन्नासहून अधिक ‘पुस्तकं’ आणि हजारावर वाचक. पुढे ‘ह्युमन लायब्ररी’ या नावाने हा प्रकार जगभर पसरला, २०१७ मध्ये मुंबईतही आला. आणि मुंबईत आलेली गोष्ट विरार लोकल पकडून आमच्याकडे यायला फार वेळ लागत नाही.

विरारजवळच्या नंदाखालच्या एका वाचनालयात गेली काही वर्षं आम्ही चारचौघं मिळून असंच काहीतरी करतो. मूळ नाव वापरायला त्या संस्थेची परवानगी लागते, म्हणून आम्ही नावच ठेवलेलं नाही. फळ्यावर ‘रविवारी चारला गप्पा, चहा आहे’ एवढंच लिहितो. डेन्मार्कच्या मंडळींनी हा खेळ अनोळखी लोकांसाठी काढला: एरवी ज्याला टाळाल, त्याच्याच समोर जाऊन बसा. आमची अडचण बरोब्बर उलटी आहे. समोरचा कोणाचा कोण, त्याच्या बापाने वाडी कधी आणि केवढ्याला विकली, धाकटीचं लग्न का मोडलं, हे सगळं वाचक घरूनच घेऊन आलेला असतो. त्यामुळे नियम आमचे आम्हालाच घडवावे लागले. ते इथे देते. क्रमाला अर्थ नाही, जसे आठवले तसे.

१. व्यासपीठावरचा माणूस बोलवू नये.

नंदाखाल म्हटलं की बाहेरच्यांना फादर फ्रान्सिस दिब्रिटो आठवतात, आणि ते साहजिकच आहे. ते इथेच जन्मले. ‘सुवार्ता’ मासिकाचं संपादन, हरित वसईचा लढा, ‘सुबोध बायबल’च्या अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कार, २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३व्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले. पण फादरांना वाचायला आमची खुर्ची लागत नाही, ‘नाही मी एकला’ हे त्यांचं आत्मचरित्र कपाटात आहे. खुर्ची मांडायची ती ज्याचं आत्मचरित्र कोणी लिहिणार नाही त्याच्यासाठी. पहाटेच्या लोकलने दुधाचे कॅन मुंबईला पोचवण्यात ज्याची उमर गेली तो म्हातारा. मोगऱ्याच्या पाट्या घेऊन दादरच्या फूलबाजारात बसणारी मावशी. आखातातल्या इस्पितळात रात्रपाळ्या करून इथे घर बांधणारी परिचारिका. विरारहून मुंबईला आगगाडी १८६७ पासून धावते आहे. तेव्हापासून किती माणसं आणि किती टोपल्या त्या गाडीने वाहिल्या असतील! त्यातल्या एकाही टोपलीचा इतिहास कपाटात सापडत नाही.

शिवाय भाषणाची सवय असलेला माणूस समोर एकच श्रोता असला तरी सभा घेतो.

२. शीर्षकात माणसाचा शिक्का नको, काम किंवा प्रसंग हवा.

परदेशात शीर्षकं थेट असतात: ‘बेरोजगार’, ‘निर्वासित’, ‘दारू सोडलेला’. संध्याकाळी तो माणूस गर्दीत मिसळून जातो, शीर्षक मागे टेबलावर राहतं. आमच्याकडे एकाच आडनावाची इतकी घरं आहेत की माणसं टोपणनावानेच ओळखली जातात, आणि एकदा चिकटलेलं टोपणनाव नातवंडांपर्यंत जातं. तेव्हा फळ्यावर ‘घटस्फोटित’ लिहिणं म्हणजे त्या घराचं नव्याने बारसं करणं. आम्ही लिहितो: ‘एकटीने चालवलेलं दुकान’. ज्याला जे विचारायचं ते तो विचारतोच. पण सांगायचं की नाही, हे बाईच्या हातात राहतं.

३. ही कन्फेशनची जागा नाही, हे सुरुवातीलाच मोठ्याने सांगावं.

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आमचं गाव कॅथलिक. मनातलं ओझं उतरवायला इथल्या माणसाला लहानपणापासून एक जागा माहीत आहे. तिथे मध्ये जाळी असते, पलीकडे फादर असतात, आणि ऐकलेलं बाहेर सांगायला त्यांना धर्माचीच सक्त मनाई असते. अशी सवय असलेला माणूस वाचनालयाच्या कोपऱ्यात आला, समोर कोणी आपुलकीने मान डोलावू लागलं, की त्याचं बोलणं नकळत त्याच वळणावर जातं. आवाज खाली येतो, खुर्ची पुढे सरकते. पण इथे जाळी नाही आणि समोरचा फादरही नाही. तो उद्या सकाळी पाव आणायला त्याच दुकानात जाणार, तुझ्या चुलतभावाच्या शेजारी उभा राहणार.

म्हणून ‘पुस्तका’शी आदल्या आठवड्यात घरी जाऊन बोलावं. काय सांगायचं हे शक्यतो ठरवू नये, त्याने गोष्ट पाठ होते. काय सांगायचं नाही, ते मात्र ठरवावं. आमची कसोटी साधी आहे: मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात चारजणांत जे बोलाल, तेवढंच इथे बोला. पुष्कळांना वाटेल की मग यात उरलं काय? उरतं. गावात माणसं एकमेकांची गुपितं जाणून असतात, पण एकमेकांचा दिवस त्यांना माहीत नसतो. आखातातून परतलेल्या त्या बाईच्या नवऱ्याविषयी सगळ्या आळीला सगळं ठाऊक होतं. पहिल्या रात्रपाळीला तिला वॉर्डात कोणाची भाषा कळत नव्हती आणि पहिला महिना तिने औषधांच्या बाटल्यांचे रंग लक्षात ठेवून काढला, हे तिच्या जावेलाही माहीत नव्हतं. जाऊबाई तिथेच बसलेल्या. म्हणाल्या, ‘आम्हाला वाटायचं, तू तिकडे एसीत बसायचीस.’

तेव्हापासून एक पोटनियम आहे. जवळच्या नात्यातल्याने वाचक म्हणून बसायचं नाही. हवं तर मागे बसून ऐकावं.

४. मालकाने मजुराला वाचू नये.

गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये पूर्वग्रहांवर मोठा ग्रंथ लिहिला. वेगवेगळ्या गटांतली माणसं नुसती एकत्र आणून भागत नाही, त्या भेटीत दोघांचा दर्जा सारखा असावा लागतो, ही त्यातली एक अट. ह्युमन लायब्ररीवरच्या लेखांत ऑलपोर्टचं नाव हमखास येतं, अट मात्र बहुधा गळून पडते.

आमच्या वाड्यांत कामाला येणाऱ्या बायका बहुतेक आदिवासी पाड्यांवरच्या. त्यांच्यातली एक ‘पुस्तक’ म्हणून बसायला तयार झाली, याचा आम्हाला फार आनंद झाला होता. फुलं कशी खुडायची, कळी फुटायच्या आत हात कसा चालवायचा, हे ती रंगून सांगत होती. मग समोर एक वाडीवाले काका येऊन बसले. माणूस सज्जन, प्रश्नही सज्जन: ‘मजुरी बरी मिळते ना?’ ती म्हणाली, ‘मिळते ना, शेठ.’ संवाद तिथेच संपला, कारण पुढच्या आठवड्यात तिला कदाचित त्यांच्याच भावाकडे जायचं होतं. तिच्या जागी मी असते तरी हेच उत्तर दिलं असतं. खुर्च्या सारख्या उंचीच्या मांडल्या म्हणून दर्जा सारखा होत नसतो. आता अशा ‘पुस्तका’समोर कॉलेजची मुलं, शिक्षिका, दुसऱ्या गावचे लोक बसतात. काकांना आम्ही ‘पुस्तक’ केलं आणि पाड्यावरच्या दहावीतल्या मुलीला वाचक. तिने विचारलं, ‘केळीची बाग मोडून कोणाला विकलीत?’ काका बराच वेळ बोलले.

५. कादोडीला कादोडीच राहू द्यावं.

इथले सामवेदी ख्रिस्ती घरात कादोडी बोलतात. चर्चमध्ये आणि शाळेत मात्र प्रमाण मराठी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६०च्या दशकात, लॅटिन मिस्सा मागे पडून मराठी मिस्सा आली, तेव्हा ती आपली भाषा म्हणूनच आली. तरी चारचौघांत बोलायचं म्हटलं की म्हातारी माणसं जी मराठी बोलतात, ती ऐकताना समोर अध्यक्ष महोदय बसलेत असं वाटतं. दूधवाल्या आजोबांनी पहिली दहा मिनिटं ‘त्या काळी परिस्थिती प्रतिकूल होती’ वगैरे सांगितलं. मग कोणीतरी कादोडीत हटकलं आणि आजोबा सुटले: कुठल्या स्टेशनवर कॅन चढवताना कोणाशी भांडण झालं, तिकीट तपासनिसाला काय द्यावं लागायचं, पावसाळ्यात गाड्या बंद पडल्या की दुधाचं काय व्हायचं. बाहेरचा वाचक असेल तर शेजारी एक दुभाषा मूल बसवावं. मुलं हे काम आनंदाने करतात, आणि आजोबांच्या शिव्या गाळून सांगण्याची त्यांची कसरत बघण्यासारखी असते.

६. पहिला प्रश्न हातांचा विचारावा.

‘कसं वाटलं?’ या प्रश्नाला आपल्याकडे ‘बरं वाटलं’ हे एकच उत्तर आहे. ‘किती वाजता उठायचात?’, ‘पाटी डोक्यावर की कमरेवर?’ असं विचारलं की माणूस आधी हाताने दाखवतो, मग बोलतो. वाचकांसाठी असे दहा-बारा प्रश्न आम्ही चिठ्ठ्यांवर लिहून ठेवले आहेत. एकेकाला अर्धा तास. घंटा शाळेतली जुनी आहे, तिचा आवाज जरा जास्तच होतो.

७. पंचांग बघून तारीख धरावी, आपलं आणि मोगऱ्याचं.

उन्हाळ्यात मोगरा जोरात असतो. पहाटे खुडणी केलेला माणूस चार वाजता डुलक्या घेतो. मे महिना लग्नांचा, डिसेंबर नाताळचा. पावसात आमचे रस्ते कोरडे राहतील याची हमी कोणी देत नाही. उरतो ईस्टरआधीचा उपवासकाळ. तेव्हा लग्नं नसतात, जेवणावळी नसतात, रविवार रिकामा असतो आणि लोकांची मनःस्थितीही जरा ऐकून घेण्याची असते. आमचे सगळ्यात चांगले रविवार उपवासकाळातलेच. चहाबरोबर काय द्यायचं, हा प्रश्नही तेव्हा आपोआप सुटतो.

८. हे सगळं कागदावर दिसणार नाही.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७चा. वाचनालयं अ, ब, क, ड अशा वर्गांत बसतात आणि अनुदान त्या वर्गावर ठरतं. दाखल नोंदवहीत पुस्तकाला क्रमांक मिळतो, देवघेवीची नोंद होते, पण दूधवाल्या आजोबांना दाखल क्रमांक देण्याची सोय नाही. त्यावर रडत बसू नये. कार्यक्रमाला खर्च असतो तो चहाचा, आणि तो निघतो.

अभ्यासिकेतल्या स्पर्धा परीक्षावाल्या मुलांची मात्र आधी माफी मागून ठेवावी. आवाज होतो म्हणून ती चिडतात. पण त्यांतलेच दोघे-तिघे पुस्तक मिटून हळूच येऊन बसतात, आणि त्यांचे प्रश्न सगळ्यात नेमके असतात.

९. मोबाइल टोपलीत.

रेकॉर्डिंग हवंच असेल तर वेगळ्या दिवशी, त्या माणसाच्या घरी, त्याला विचारून करावं. बावखलं, म्हणजे वाड्यांतली तळी, कुठे कुठे होती, कुठली बुजवली, पाणी कधी खारं व्हायला लागलं, हे सांगणारी पिढी झपाट्याने जाते आहे आणि त्याची नोंद व्हायलाच हवी, याबद्दल वाद नाही. पण समोर कॅमेरा लावून गप्पा होत नाहीत, मुलाखत होते.

१०. ज्याच्यासमोर कोणी बसत नाही, त्याची जबाबदारी आपली.

प्रत्येक वेळी एखादं ‘पुस्तक’ कोणीच निवडत नाही. तो माणूस धुतलेला सदरा घालून आलेला असतो. आयोजकांपैकी एकाने कायम मोकळं राहावं आणि लगेच जाऊन बसावं.

११. अनोळखी माणसंही आता आली आहेत.

पश्चिमेला राजोडीचा समुद्र, पूर्वेला बोळिंजचे मनोरे. म्हाडाच्या वसाहतीत आणि आसपासच्या इमारतींत कोकणातली, घाटावरची, उत्तरेकडची कुटुंबं राहायला आली. तिथे आमच्याविषयीची समजूत अशी, की हे लोक वाड्या विकून श्रीमंत झालेले. आमच्याकडे त्यांच्याविषयी अशी, की हे आमचं पाणी पिऊन बसलेत. दोन्ही बाजूंनी एकमेकांना फक्त ट्रॅफिकमध्ये पाहिलेलं. म्हणजे डेन्मार्कचा मूळ खेळ जसाच्या तसा खेळता येईल अशी वस्ती रिक्षाच्या अंतरावर आहे. तिथल्या एक बाई, सोलापूरकडच्या, मागच्या खेपेला ‘पुस्तक’ म्हणून आल्या होत्या. त्यांच्या गावाला टँकर यायचा, इथेही टँकर येतो, एवढ्या एका गोष्टीवर त्या आणि आमच्या फुलवाल्या मावशी घंटा होऊन गेली तरी बोलत होत्या.

त्यामुळे पुढच्या यादीत टँकर चालवणारा एक तरुण आहे. तो आमच्याच गावातला. दोन्ही बाजूंना तो हवा असतो आणि दोन्ही बाजू त्याला बोल लावतात. शीर्षक त्यानेच सांगितलं: ‘दिवसाच्या खेपा’. अडचण वाराची आहे. रविवारी त्याला सर्वांत जास्त फोन येतात, म्हणून फळ्यावरचं ‘रविवारी चारला’ पुसून ‘बुधवारी रात्री साडेआठला’ असं लिहायचं ठरलं आहे. वाचनालय तोवर उघडं ठेवायला ग्रंथपालांनी होकार दिला आहे. चहा कोण करणार, ते ठरायचं आहे.