कानाशी हात नेलेला योगी : मिलारेपाचे पटचित्र

तिबेटातील मठांमध्ये कापडावर रंगविलेली जी पटचित्रे असतात, त्यांना थांका म्हणतात. त्यांपैकी एक कैलास-मानस यात्रिकांनी ओळखून ठेवावे असे आहे. हिमशिखरांच्या कुशीत, गुहेच्या मुखाशी एक कृश योगी बसला आहे. अंगावर पांढरे सुती वस्त्र, उजवा हात कानाशी. सहज पाहता हा आपल्या पुराणांतील एखादा ऋषीच वाटावा. हा ११व्या-१२व्या शतकांतील बौद्ध सिद्ध मिलारेपा होय. 'रेपा' म्हणजे सुती वस्त्र धारण करणारा.

या शांत मुद्रेमागील पूर्वायुष्य भीषण आहे. १४८८ मध्ये त्सांगन्योन हेरुका यांनी रचलेल्या चरित्रानुसार, पित्याच्या मृत्यूनंतर काका-काकूंनी इस्टेट बळकावली. सूडाने पेटलेल्या आईच्या आग्रहावरून मुलगा जारणविद्या शिकला आणि लग्नघर कोसळवून त्याने पस्तीस माणसांचा बळी घेतला. वाल्या कोळ्याची कथा ऐकत वाढलेल्या मराठी भाविकास पुढचा पश्चात्ताप अपरिचित वाटणार नाही. मात्र गुरू मार्पा यांनी त्याला लगेच मंत्र दिला नाही. दगडी मनोरे बांधावयास लावले, बांधून होताच पाडावयास लावले. दगड वाहून पाठीला जखमा झाल्या, तरी दीक्षा नाही. उपदेश मिळाला तो फार पुढे.

त्यानंतरची वर्षे गुहांत गेली. आहार बिच्छूघासाचा, म्हणजे स्पर्शाने अंगाची आग करणाऱ्या रानपाल्याचा. त्यामुळे त्याची कांती हिरवट झाली अशी आख्यायिका असून काही चित्रांत अंगाचा रंग तसाच दाखविलेला असतो. तो रंग जुनेपणामुळे उतरलेला नव्हे.

कानाशी नेलेल्या हाताचा अर्थ दोन प्रकारे सांगितला जातो. कोणी म्हणतात, तो स्वतःचेच पद गात आहे व ऐकतही आहे. मिलारेपाच्या संप्रदायाचे नाव काग्यू, म्हणजे गुरुमुखातून शिष्याच्या कानी उतरलेली परंपरा. दुसरा अर्थ तिच्याशी जोडलेला आहे. मराठीत 'कर्णोपकर्णी' पसरते ती बहुधा अफवा. येथे त्याच वाटेने विद्या आली.

काही पटांत खालच्या बाजूस हरीण, शिकारी कुत्रा व धनुष्यधारी पारधी दिसतो. भेदरलेले हरीण व त्यामागून आलेला कुत्रा योगीचे गाणे ऐकून त्याच्यापाशी शांत बसले. मागाहून संतापाने आलेल्या पारध्याने बाणही सोडला, परंतु अखेर तोच शिष्य झाला.

कैलास परिक्रमेत झुथुलपुक येथे मिलारेपाची गुहा आहे. तिच्या छताची शिळा त्याने उचलून बसविली अशी श्रद्धा असून शिळेवरील हाताचे व मस्तकाचे ठसे यात्रिकांना दाखविले जातात.