मातामृत्यू आणि आरोग्यसेवकांची उपलब्धता

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ सालच्या अहवालानुसार, दर हजार लोकांमागे डॉक्टर, परिचारिका व प्रसविका मिळून २.२८ व्यक्ती नसतील, तर बहुतेक प्रसूती प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली होणे कठीण असते. परंतु अशी सरासरी सर्व काही सांगत नाही. दिल्लीत मोठ्या रुग्णालयांची वाण नाही. तरीही भोवतालच्या खेड्यांतील बाळंतिणीचे प्राण वाचणे, आणीबाणीच्या घटकेला तिच्याजवळ कोण आहे यावर अवलंबून असते.

प्रसूतीनंतर गर्भाशय आकुंचन पावले नाही, तर अतिरक्तस्रावाने काही तासांतच मृत्यू ओढवू शकतो. ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनाने हा धोका पुष्कळ कमी होतो. मात्र ते देणारी प्रशिक्षित सेविका हजर हवी. गरोदरपणी नियमितपणे रक्तदाब मोजला गेला, तर आकडीचा धोकाही आधी ओळखता येतो. अडलेल्या स्त्रीवर शस्त्रक्रिया करावयाची झाल्यास शल्यविशारद, भूलतज्ज्ञ व रक्त ही तिन्ही एकाच वेळी लागतात. त्यांपैकी एक नसले, तर उरलेल्या दोहोंचा उपयोग होत नाही.

ह्या दृष्टीने दिल्लीच्या दक्षिणेस, हरियाणातील बल्लभगढ येथील प्रकल्प बोधप्रद आहे. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने तो १९६५ साली सुरू केला. तेथे आरोग्यसेवक घरोघर जाऊन गर्भवतींची नोंद ठेवतात. गावातील उपकेंद्र, दयालपूर व छांयसा येथील प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि बल्लभगढचे रुग्णालय अशी त्याची चढती रचना आहे. घरभेटीत आढळलेली जोखीम वेळेवर वरच्या पायरीपर्यंत पोहोचावी, हे ह्या रचनेचे मर्म होय.

भारतात दर एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूंचे प्रमाण २००४–०६ मध्ये २५४ होते. २०१८–२० मध्ये ते ९७ वर आले. त्याच काळात केरळात ते १९, तर हरियाणात ११० होते. शिक्षण, पोषण व दळणवळण यांचाही ह्या तफावतीत वाटा आहेच. परंतु मैदानी प्रदेशात पाच हजार लोकांसाठी एक उपकेंद्र हा दंडक पाळला, तरी तेथील एकटी सेविका रात्रंदिवस हजर राहू शकत नाही. म्हणून मंजूर पदे मोजून भागणार नाही. प्रसूतीच्या वेळी, मग ती मध्यरात्र का असेना, प्रशिक्षित व्यक्ती हजर असते काय, हीच आरोग्यव्यवस्थेची खरी कसोटी होय.