परिचारिका म्हणूनच जा

चि. स्नेहल हिस,


तुझं पत्र आणि त्यासोबत एजन्सीने पाठवलेला करारनामा, दोन्ही नीट वाचले. जर्मनीला जायचं तू मनाशी ठरवलं आहेस आणि घरचे बिचकत आहेत म्हणून मला विचारते आहेस. तुझ्या जाण्याला माझा विरोध नाही. जायचं तर परिचारिका म्हणून जा, एवढंच मला आग्रहाने सांगायचं आहे. त्या कागदात पगाराचा आकडा ठळक अक्षरांत आहे, विमानाचं तिकीट आहे, ‘आरोग्यक्षेत्रात संधी’ असंही लिहिलं आहे. पण तिथे तुझं पद काय असेल, तुझं जीएनएमचं, म्हणजे परिचर्या आणि प्रसाविकेचं, शिक्षण तिथलं कोणतं खातं तपासणार आणि मान्यता केव्हा मिळणार, याबद्दल एक ओळही नाही. माझ्या मते पुढची वीस वर्षं त्याच ओळीवर ठरणार आहेत.

जर्मनीत नर्सिंगच्या कामासाठी शिरायचे रस्ते एकाहून अधिक आहेत आणि एजंट ते मुद्दाम एकमेकांत मिसळून सांगतात. एक रस्ता ‘आउसबिल्डुंग’चा, म्हणजे तिथे जाऊन तीन वर्षांचं प्रशिक्षण पहिल्यापासून घ्यायचं. बारावी झालेल्या मुलीसाठी तो चांगला आहे: शिकताना महिन्याला साधारण १,३०० युरोंच्या आसपास विद्यावेतन मिळतं आणि शेवटी तिथलीच पात्रता हातात येते. पण जीएनएम पूर्ण करून वॉर्डात नोकरी केलेल्या मुलीने तोच अभ्यास पुन्हा तीन वर्षं करायचा, याला मी संधी म्हणणार नाही. एजंटला हा रस्ता सोपा वाटतो, कारण तुझे कागद मान्य करून घेण्याची कटकट त्याच्यामागे राहत नाही. दुसरा रस्ता मान्यतेचा. तू ज्या राज्यात जाणार त्या राज्याचं खातं तुझा अभ्यासक्रम, तासिका, वॉर्डातले तास त्यांच्या शिक्षणाशी ताडून पाहतं आणि काय कमी पडतं ते लेखी कळवतं. भारतातून जाणाऱ्या बहुतेक मुलींच्या बाबतीत काहीतरी कमी निघतंच. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ती उणीव भरून काढायला एक तर ठरावीक काळाचा पूरक अभ्यास करायचा, नाहीतर ज्ञानाची परीक्षा द्यायची. ते झालं आणि जर्मन भाषेची बी-२ पातळी हाती असली, की तू तिथली नोंदणीकृत परिचारिका. तोपर्यंत सहायक म्हणून, कमी पगारावर काम करावं लागतं आणि ते करायला हरकत नाही, कारण त्या काळाला शेवट आहे आणि तो कागदावर लिहिलेला आहे. तिसरा रस्ता नुसत्या सहायकाचा. काम तेच, वॉर्ड तोच, पण मान्यतेचा अर्जच कोणी केलेला नसतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या रस्त्यावरच्या मुली पहिल्या महिन्यात अगदी सारख्याच दिसतात. फरक चार वर्षांनी कळतो.

‘आधी पोचते तर खरी, मान्यतेचं मग माझं मी बघेन,’ असं तू लिहिलंस. हा विचार मला सर्वांत धोक्याचा वाटतो. पूरक अभ्यासासाठी मालकाने कामातून मोकळीक द्यायला हवी; ज्याला सहायकच हवी आहे त्याला तशी घाई का असेल? अभ्यासक्रमाच्या प्रती, तासांचे दाखले, नर्सिंग कौन्सिलचं पत्र, त्यांची अधिकृत भाषांतरं हे सगळं इथे असताना कॉलेजच्या पायऱ्या झिजवून मिळतं; तिकडून फोनवर मिळवणं कितीतरी अवघड. आणि आठवडाभर पाळ्या करून थकलेल्या शरीराने बी-१ वरून बी-२ ला जाणं सोपं नसतं. म्हणून भाषा इथे शिक आणि मान्यतेचा अर्जही इथूनच कर.

कामाच्या स्वरूपाबद्दलही आधीच ऐकून ठेव. आपल्याकडे रुग्णाला अंघोळ घालणं, भरवणं, बेडपॅन देणं हे नातेवाईक किंवा वॉर्डातल्या मावशी करतात. स्टाफ नर्सच्या वाट्याला सलाईन, इंजेक्शनं, औषधं, नोंदी. जर्मनीत अंगस्वच्छतेपासून जेवणापर्यंतची शुश्रूषा हा परिचारिकेच्याच कामाचा गाभा मानतात आणि शिरेत सुई लावण्यासारखी काही कामं बहुतेक ठिकाणी डॉक्टर करतात. हे माहीत नसलेल्या मुलीला पहिल्या आठवड्यात वाटतं की आपल्याला खाली ढकललं. तसं नसतं. तिथली पूर्ण मान्यतेची परिचारिकाही हेच करते. अपमान कामात शोधू नकोस. आपलं शिक्षण मोजलं जातं की नाही, ते बघ. आणखी एक गोष्ट तुझ्या आवडीची. तुला लेबर रूम आवडते, हे मला ठाऊक आहे. जीएनएममुळे आपल्याकडे तू परिचारिका आणि प्रसाविका दोन्ही ठरतेस. तिकडे तसं नाही. जर्मनीत २०२० पासून प्रसाविकेचं शिक्षण विद्यापीठाच्या पदवीचं झालं आहे, ब्रिटनमध्येही प्रसाविकांची नोंदणी वेगळी असते. तेव्हा बाळंतपणं करायला मिळतील असं कोणी सहज सांगितलं, तर विश्वास ठेवू नकोस.

पदावर मी इतका भर का देते, हे ब्रिटनकडे पाहिलं की कळेल. २०२२ च्या फेब्रुवारीत त्यांनी केअर वर्करच्या, म्हणजे वृद्ध-आजाऱ्यांची देखभाल करणाऱ्यांच्या, जागांसाठी परदेशी कामगारांना दार उघडलं. भारतातून हजारो माणसं गेली, त्यांत शिकलेल्या परिचारिकाही होत्या. पुष्कळांनी एजंटांना लाखो रुपये मोजले. मार्च २०२४ मध्ये अशा कामगारांना कुटुंब आणायला बंदी झाली आणि जुलै २०२५ मध्ये परदेशातून नवी भरतीच थांबली. मधल्या काळात ४०० हून अधिक मालकांचे परवाने सरकारने रद्द केले. मालकाचा परवाना गेला की कामगाराच्या हातात साधारण ६० दिवस उरतात: तेवढ्यात नवा मालक शोधायचा, नाहीतर देश सोडायचा. हा नियम नोंदणीकृत परिचारिकेलाही लागू आहे, पण तिच्या हातात नोंदणी क्रमांक असतो आणि दुसरं रुग्णालय तिला घेऊ शकतं. केअर वर्कर झालेल्या परिचारिकेकडे तो नसतो. शिवाय रुग्णालयातल्या कामाचा सरावही तुटत गेलेला असतो. जर्मनीचा इतिहास याहून वेगळा नाही. १९६० च्या दशकापासून केरळमधल्या तरुणी पश्चिम जर्मनीतल्या रुग्णालयांत गेल्या. १९७३ मध्ये त्या देशाने परदेशी कामगारांची भरती थांबवली आणि पुढच्या काही वर्षांत काही राज्यांनी भारतीय परिचारिकांचे परवाने वाढवून देणं नाकारलं. बोलावणाऱ्या देशाची गरज बदलते, सरकारं बदलतात. अशा वेळी तुझ्याजवळ राहतं ते तुझं नाव असलेलं नोंदणीपत्र.

तुझी अडचण मला कळते. शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते आहेत, एजंट म्हणतो तीन महिन्यांत पाठवतो, आणि मी सांगते त्याला दीड-दोन वर्षं लागतील. पण एजंट त्या तीन महिन्यांसाठी जे लाखो रुपये मागतो आहे, तेही नवं कर्जच आहे. चांगल्या मार्गाने परिचारिका नेणारे मालक भरतीचा खर्च स्वतः करतात. जर्मन सरकारी संस्था आणि केरळ सरकारची नोर्का ही संस्था यांनी २०२१ मध्ये सुरू केलेल्या योजनेत परिचारिकांकडून भरतीचे पैसे घेतले जात नाहीत. ब्रिटनच्या आचारसंहितेतही उमेदवाराकडून भरती शुल्क घ्यायला मनाई आहे. आपल्या देशात १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी झालेल्या एजंटलाच भरती करता येते आणि त्याला ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. नोंदणी आहे की नाही हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर दिसतं. २०२४ मध्ये महाराष्ट्राने बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्या कराराचं नाव पुढे करून कोणी पैसे मागितले, तर आधी सरकारी कार्यालयात चौकशी कर. आखाती देशांत भाषेची अट नसल्यामुळे लवकर जाता येतं, हेही खरं. कर्ज फेडायला तो मार्ग वाईट नाही. मात्र कायमचं स्थिरावण्याची आशा तिथे धरू नये.

आता तुझ्या वडिलांनी, म्हणजे माझ्या दादाने, काढलेला मुद्दा. आपल्याकडे सरकारी दवाखान्यांत परिचारिका पुरत नाहीत आणि ही परदेशी चालली, असं ते म्हणतात. हा मुद्दा हलका नाही. जगात पन्नास लाखांहून अधिक परिचारिका कमी आहेत आणि श्रीमंत देश ती उणीव गरीब देशांतून भरून काढतात, म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये भरतीची आचारसंहिता केली. पण दादाला विचार, ही टंचाई कोणी निर्माण केली? खाजगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या पगाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, २०१६ मध्ये केंद्राने तज्ज्ञ समिती नेमली. समितीने सांगितलं की २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयाने सरकारी परिचारिकेइतका पगार द्यावा आणि ५० हून कमी खाटांच्या रुग्णालयानेही २०,००० रुपयांखाली जाऊ नये. तुझ्या हातात आज किती पडतात, ते दादाला ठाऊक आहे. एकीकडे जागा रिकाम्या ठेवायच्या, दुसरीकडे कंत्राटावर राबवायचं आणि जाणाऱ्या मुलीला देशाची आठवण करून द्यायची, हे न्यायाचं नाही. तो भार एकट्या तुझ्या खांद्यावर घेऊ नकोस. परक्यांची सेवा करायला एवढ्या लांब कशाला, असं आजी म्हणत असेल तर तिला सांग: रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं राहिलं आणि तिथल्या स्त्रिया ससूनमध्ये परिचारिकेचं काम शिकू लागल्या, तेव्हाही ते रुग्ण परकेच होते आणि नावं ठेवणारे घरचेच होते.

तर आता असं कर. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू ठेव आणि मूळ प्रमाणपत्रं कोणाच्याही हाती देऊ नकोस. रुग्णालयातून अनुभवाचा दाखला घेताना त्यात विभाग, खाटा, कामाचे तास लिहून घे. एजन्सीला तीन गोष्टी लेखी विचार: मान्यतेचा अर्ज कोणत्या राज्याच्या खात्याकडे आणि कधी जाणार, मान्यता येईपर्यंतचं आणि नंतरचं पद व पगार काय, नोकरी मध्येच सोडली तर माझ्याकडून किती रक्कम वसूल करणार. उत्तर आलं की मला पाठव, आपण दोघी मिळून वाचू. तोपर्यंत सही करू नकोस आणि एक रुपयाही भरू नकोस.

तुझी,
आत्या