दिवाळीनंतर अभ्यासाचा उत्साह का ओसरतो?

प्रश्न : मी दहावीत आहे. जूनमध्ये नवी पुस्तकं आली तेव्हा रोज न सांगता अभ्यासाला बसायचे. दिवाळीच्या सुट्टीनंतर मात्र पुस्तक उघडायचीही इच्छा होत नाही. धडा दोन-दोनदा वाचते, चार दिवसांनी काही आठवत नाही. आई म्हणते, ‘जरा मनावर घे.’ पण मनच लागत नसेल तर मनावर घ्यायचं कसं?
– एक विद्यार्थिनी, जि. सातारा

उत्तर : तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुझ्याच पत्रात आहे. ‘दोन-दोनदा वाचते, चार दिवसांनी काही आठवत नाही,’ असं तू लिहिलं आहेस. कष्ट करूनही हाती काही लागत नसेल, तर कुणाचंही मन त्या कामातून उडतं. म्हणून स्वतःला आळशी म्हणू नकोस. आधी अभ्यासाची पद्धत बदलून बघ.

अमेरिकेतल्या सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काही उतारे त्यांनी दोनदा वाचले. काही एकदाच वाचले आणि मग आठवेल ते कागदावर लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचलेल्या उताऱ्यांतलं ८१ टक्के आठवलं, लिहून काढलेल्यांतलं ७५ टक्के. आठवड्यानंतर चित्र उलटलं : दोनदा वाचलेल्यांतलं ४२ टक्के उरलं, लिहून काढलेल्यांतलं ५६ टक्के. पुन्हा वाचताना ओळी ओळखीच्या वाटतात आणि ‘आलं मला’ असा समज होतो. चार दिवसांनी तो खोटा ठरला, की हिरमोड होतो.

आता विज्ञान भाग १ मधला ‘गुरुत्वाकर्षण’ हा धडा घे. केप्लरचे नियम एकदा नीट वाच, पुस्तक मिट आणि कोऱ्या कागदावर तिन्ही नियम लिही. पहिले दोन कदाचित जमतील. तिसऱ्याला अडशील : वर्ग आवर्तकालाचा की अंतराचा? आणि घन कशाचा? लगेच पुस्तक उघडू नकोस, मिनिटभर डोक्याला ताण दे. मग पुस्तक बघून चूक लाल पेनाने दुरुस्त कर. तोच कागद दोन दिवसांनी आणि पुन्हा आठवड्याने न बघता लिही. लाल शाई कमी होत गेलेली तुला दिसेल. आपली प्रगती डोळ्यांना दिसली, की पुढचं पान उघडायला कुणी सांगावं लागत नाही. आधी उत्साह येईल आणि मग अभ्यास होईल, अशी वाट बघत बसू नये. बहुतेक वेळा थोडा अभ्यास झाल्यावरच उत्साह येतो.

सुरुवात करणं जड जातं, त्यालाही उपाय आहे. ‘उद्यापासून जोरात अभ्यास’ हा संकल्प टिकत नाही, कारण त्यात वेळ नाही, जागा नाही आणि कामही ठरलेलं नाही. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने अनेक वर्षं याच विषयावर काम केलं. कधी, कुठे आणि काय करायचं हे आधीच ठरवलं तर काम तडीस जाण्याची शक्यता वाढते, असं त्याला दिसलं. म्हणून ‘संध्याकाळी सातला, माजघरात, वर्गसमीकरणांच्या सरावसंचातली पहिली पाच गणितं’ असं लिहून ठेव. त्या वेळी मोबाइल दुसऱ्या खोलीत असू दे.

झोपेची उधारी मात्र करू नकोस. पौगंडावस्थेत शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, त्यामुळे रात्री झोप उशिरा लागते. अशात पहाटे चारला उठायचं ठरवलं तर झोपेलाच कात्री लागते. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी, असं निद्राविकारतज्ज्ञ सांगतात. पेंगत वाचलेलं पान लक्षात राहत नाही.

हे पत्र आईलाही दाखव, कारण पुढचा मुद्दा पालकांसाठी आहे. ‘नव्वद टक्के मिळव, मोबाइल घेऊन देतो’ हे आमिष बऱ्याच घरांत दाखवलं जातं. मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये, चित्रं काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला. चित्र काढलं तर प्रशस्तिपत्र मिळेल असं काही मुलांना आधी सांगितलं. पुढे मोकळ्या वेळेत ही मुलं इतरांच्या निम्माच वेळ चित्रांपाशी रमली. आधी न सांगता बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र घटली नाही. ती मुलं लहान होती हे खरं, पण आमिष दाखवण्याआधी हे लक्षात ठेवावं. त्यापेक्षा रोज दहा मिनिटं मुलीसमोर बसा आणि ‘आज काय शिकलीस, मला समजावून सांग’ असं म्हणा. विषय तुम्हाला येत नसला तरी चालेल. सांगता सांगता तिची उजळणी होते.

आणखी एक. अभ्यासच नव्हे, तर खेळ, मैत्रिणी, जेवण यांतूनही मन उडालं असेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर तो प्रश्न अभ्यासाचा नसतो. घरच्यांशी किंवा विश्वासातल्या शिक्षकांशी बोल. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो. तिथे मराठीतही बोलता येतं.

परीक्षेला अजून वेळ आहे. सगळ्या विषयांचं ओझं आज डोक्यावर घेऊ नकोस. आज संध्याकाळी एकच धडा, एक कोरा कागद आणि लाल पेन घेऊन बस.